राशीवरचा हात

मित्रांनो, खिडकीची फळी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिला टेकवलेला हा काळा ठोकळा तुम्ही रोज पाहता. तो मीच. माझ्या पोटावर उलटी अक्षरं कोरलेली आहेत. त्यांत धूळ बसली आहे, म्हणून कुणाला वाचता येत नाहीत. मी मिठागराचा शिक्का आहे.

कल्याणच्या एका सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. आगगाडी कल्याणला येऊ लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण खाडीकाठचं मीठ अजून होड्यांतूनच जाई. दिवा गावाजवळच्या एका मिठागराच्या शेठने मला विकत घेतलं. माझं काम सोपं होतं. उन्हाळ्यात बायका पाटीपाटीने मीठ वाहून त्याच्या राशी घालत. रास पुरी झाली की तिला चिखलाने लिंपत, आणि ओल्या लिंपणावर मला दाबत. शेठचं नाव उमटे. कुणी रास फोडली तर नाव मोडणार, आणि चोरी कळणार. माझी मोठी वाहवा होई. "काय सुबक उमटतो!" असं शेठ म्हणाले की मलाही बरं वाटे.

पण माझ्याही आधीची एक रीत त्या मिठागरावर होती. ज्या बाईने राशीची पहिली पाटी वाहिली, ती ओल्या लिंपणावर आपला उजवा पंजा उमटवी. त्याशिवाय रास पावसात टिकत नाही, असं सारे मानत. आणि जिचा हात राशीवर, तिला पुढच्या वर्षी काम द्यायचंच, असाही शब्द त्यात होता. लिहिणं-वाचणं कुणाला येत नव्हतं. तो पंजाच त्यांचा करार. आधी हात, मग मी, असा आमचा क्रम.

त्या साली एका राशीची बाई होती मालन. नवरा खाडीत बुडून गेलेला, घरात सासू रंगूबाई आणि अंगावर पिणारी एक तान्ही पोर. पोरीला बांधाच्या सावलीत झोळीत निजवून मालन पाट्या वाही. दूध भरून आलं की चोळी ओली होई, पण मुकादम हाक मारीपर्यंत तिला थांबता येत नसे. मला ते दिसे. लाकडाला काय करता येणार?

रास लिंपायच्या दिवशी पोर तापाने फणफणली, म्हणून मालन घरी राहिली. नेमके त्याच दिवशी शेठचे दिवाणजी लवकर आले. ते नवे होते, पुण्याकडचे.

"शिक्का मार, धाकू. कुणाची वाट बघतोस?"

"राशीची बाई येयाची हाय, दिवाणजी. तिचा हात..."

"हातबीत काही नको. मार."

धाकू मुकादमाने मला दाबलं. दिवाणजी गेले. ऊन उतरल्यावर मालन पोरीला कडेवर घेऊन धावत आली. धाकू तेव्हा मला खाडीच्या पाण्यात धूत होता.

"धाकूदादा, झाला का सगला? माजा हात ऱ्हायला ना!"

"उशीर केलास, मालने."

"पोरीला ताप व्हता. आता लावू? पुढच्या सालाला मना उभं कोन करील?"

धाकूने इकडेतिकडे पाहिलं. "लाव. पन बेतानं. शिक्क्याला लागू नको देऊ."

मालनने पंजा ओला करून टेकवला. तेवढ्यात कडेवरची पोर उसळली. तिला सावरताना मालनचा हात घसरला आणि शेठच्या नावाची कड मोडली. दाणाभर मीठसुद्धा बाहेर आलं नव्हतं. हे तिघांनीच पाहिलं: मालनने, धाकूने आणि मी.

सकाळी दिवाणजी राशीपाशी थबकले. "रास फोडली! कुणी?"

"माजाच हात हाय त्यो," मालन पुढे आली. "रीतीचा हाय. मीठ नाय घेतला."

"शिक्का मोडलाय, आणि म्हणे रीत!"

"चोर कदी आपला हात ठेवून जातो का, दिवाणजी?"

बायका हसल्या. "बायकोनं अलनी जेवान वाढलं असल, म्हनून मिठावर डोला," एक पुटपुटली. दिवाणजींचे कान लाल झाले.

मालनबरोबर आलेली रंगूबाई पदर सावरत म्हणाली, "रास उघरा नि बघा. खड्डा दिसला तर आमाला खाडीत ढकला."

"तुझ्या सुनेसाठी शेठची रास उघडू? धाकू, तू इथे होतास. तुझ्यासमोर झालं का हे?"

सगळ्यांनी धाकूकडे पाहिलं. मालननेही. मी त्याच्याच हातात होतो. त्याची बोटं माझ्यावर घट्ट झाली. हो म्हणावं तर, शिक्क्यानंतर हात लावू का दिलास, असं विचारतील. त्याचीही पोरं मिठावरच जगत होती.

"मना नाय ठावं," तो म्हणाला.

मालनने झोळी सोडली, पोरीला छातीशी धरलं. रंगूबाईच मागे वळून म्हणाली, "धाकू, तुज्या आईनं पन अशाच राशीवर हात लावलेला रं."

दोघी बांधावरून निघून गेल्या. बायकांनी पाट्या खाली ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने एकीने उचलली, मग दुसरीने.

दिवाणजींनी धाकूला नवा चिखल फासायला लावला. मालनची पाच बोटं एकेक करून बुजली. मग त्याच जागी मला दाबलं. मी इतका सुबक कधीच उमटलो नव्हतो. मला वाकडं उमटायचं होतं, तडकायचं होतं. पण दाबलं की उमटणं एवढंच मला येतं.

पुढच्या साली त्या जागच्या राशीला दुसरी बाई आली. पंजा ओला करून तिने धाकूकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिने पदराला हात पुसला. त्यानंतर त्या मिठागरावर कुणाचाच हात उमटला नाही, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, ते फक्त मी आणि माझा धनी ठरवू लागलो.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणा राबणाऱ्या बाईवर तुमच्यासमोर आळ आला, आणि तुम्ही खरं पाहिलेलं असलं, तर धाकूसारखे गप्प राहू नका. मी लाकूड होतो, बाळांनो.