होइता म्हणजे नुसतं उरकणं नव्हे

पाठीची शिवण उसवली असली तरी माझा एकही शब्द गळालेला नाही. मित्रांनो, मी एक जुना फिनिश-इंग्रजी शब्दकोश आहे, आणि मी रागावलेलो आहे.

हेलसिंकीत छापलेला मी, आमोद नावाच्या इंजिनिअरबरोबर पुण्याला आलो. त्यांनी मला सदाशिव पेठेतल्या भाषावर्गाला दिलं. आधी माझ्यासाठी मुलांची झोंबाझोंबी व्हायची. पुढे प्रत्येकाच्या हाती फोन आला आणि वर्गाच्या श्रीनिवास सरांनी मला प्रोजेक्टरखाली सारलं. उंची बरोबर जमते म्हणे!

यंदा फिनलंडला जाऊ पाहणाऱ्या नर्स शिकायला आल्या. त्यांत येरवड्याची अक्षता होती. लकवा झालेल्या आईचं, कांताबाईंचं, तिने तीन वर्षं सगळं केलं होतं. आई गेल्यावरच तिने बाहेर जायचं मनावर घेतलं.

एके दिवशी सरांनी फळ्यावर क्रियापद लिहिलं, 'होइता'. म्हणाले, "अर्थ, काम उरकणे. पुढे."

अक्षताने विचारलं, "सर, नर्सिंगच्या धड्यात पेशंटसाठीही हाच शब्द आहे. पेशंटला पण उरकायचं?"

"अहो, येरवड्याहून इतक्या लांब शंका काढायलाच येता का?"

वर्ग खो खो हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मधल्या सुट्टीत तिने मला बाहेर ओढलं, पदराने पुसलं आणि बोट ठेवून वाचलं. होइता म्हणजे काम मार्गी लावणे, तसंच शुश्रूषा करणेही. कर्माच्या रूपावरून फरक कळतो. 'होइदान आसिआन' म्हणजे मी काम निपटते, विषय संपला. 'होइदान पोतिलास्ता' म्हणजे मी रुग्णाची शुश्रूषा करते आहे, ती अजून चालू आहे.

सराव परीक्षेत तिने 'पोतिलास्ता' लिहिलं. सरांना 'आसिआन'सारखं 'पोतिलान' हवं होतं; त्यांनी त्यावर लाल रेघ मारली आणि फिनलंडच्या नोकरीसाठीच्या मुलाखतीच्या यादीतून तिचं नावच काढलं!

तिने मला उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. "सर, हे पान बघा."

"जुनं पुस्तक आहे ते."

"जुनं आहे, चुकीचं नाही. माझं उत्तर बरोबर असताना नाव कसं कापता?"

या वेळी कुणी हसलं नाही. तिच्या शेजारची शेफाली उठली. "सर, मग माझंही नाव कापा." मागच्या बाकावरच्या दोघी उभ्या राहिल्या. सरांनी मुकाट्याने नाव परत लिहिलं. चुकलो, हा एक शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मुलाखत वर्गातच, व्हिडिओ कॉलवर झाली. पडद्यावरच्या फिनिश बाईंनी अनुभव विचारला. अक्षता म्हणाली, "होइदिन ऐतिआ कोल्मे वुओत्ता." तीन वर्षं मी आईची शुश्रूषा केली. बाई हळूच म्हणाल्या, "कीतोस." आभार. अक्षताची निवड झाली.

मित्रांनो, पुस्तकं जपा, हे तर खरंच. पण त्याआधी शंका विचारणाऱ्या माणसाला जपा. माझी उसवलेली पाठ डिंकाने चिकटेल. भर वर्गात केलेला अपमान कशाने चिकटवाल?