पांढरी अगाशी

शलाकाने हातोडीच्या एका घावात पांढरी टाइल फोडली आणि तिचे तुकडे ओल्या सिमेंटवर एकेक करून दाबले. सकाळचे सातच वाजले होते, तरी अकोटा भागातल्या त्या चार मजली इमारतीची गच्ची तापू लागली होती.

"काकू, बस, हा कोपरा झाला की संपलं."

नलिनीकाकू टोपलीतून तुकडे पुढे करत होत्या. गच्चीच्या बरोबर खाली त्यांचं घर. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाल्यापासून त्यांचे यजमान बाळकृष्ण पलंगावरच असत. एसीने त्यांचे सांधे आखडत, आणि दुपारी छत असं तापे की उशीसुद्धा चटका देई. या मे महिन्यात काकूंनी ठरवून टाकलं होतं: घर बंद करायचं आणि डभोईला भावाच्या घरी तळमजल्यावर राहायला जायचं. एकतीस वर्षांचं घर. शलाकाला हे सांगताना त्या पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या होत्या.

दुसऱ्या मजल्यावर राहणारी शलाका आर्किटेक्ट होती. तिने सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. गच्चीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवले, तर ऊन वरच्यावर परतेल. दुकानांत फुटका माल पडूनच असतो.

अध्यक्ष प्रतापराव मोठ्याने हसले होते.

"पोरी, फुटक्या टाइलनं ऊन परतलं असतं, तर एसीवाले उपाशी मेले असते! आधी वहिनींच्या खोलीवर करून दाखव. तीन डिग्री उतरली, तर आख्खी अगाशी तुझी."

आठवडाभर सिमेंटवर पाणी मारून झालं. मग एका दुपारी, बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना, प्रतापराव थर्मामीटर घेऊन वर आले. काम सुरू होण्यापूर्वी याच खोलीत त्यांनी एकोणचाळीस मोजले होते.

"दहा मिनिटं थांबावं लागेल, वहिनी. घाई केली तर आकडा चुकतो," असं म्हणत ते पलंगाशेजारच्या आरामखुर्चीत बसले.

"बसा ना. छास आणते," म्हणून काकू ताक घुसळायला आत गेल्या.

शलाका ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आली, तेव्हा तीन वाजून गेले होते. जिने चढून तिला धाप लागली होती.

"काका, किती आलं?"

पलंगावरून बाळकृष्णांनी चांगला हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.

खुर्चीत प्रतापरावांची मान कलली होती. तोंड किंचित उघडं, घोरणं संथ. थर्मामीटर मांडीवर आडवं पडलं होतं आणि छासचा पेला तसाच भरलेला.

"पाऊण तास झाला," काकू कुजबुजल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

शलाका वाकून आकडा पाहू लागली. तेवढ्यात बाळकृष्णांनी पंख्याकडे खूण केली. शब्द जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"कमी कर," ते म्हणाले. "गार लागेल त्यांना."