आखरावरची उलटी पावलं

कार्तिकातल्या त्या सकाळी आलापल्लीजवळच्या त्या गावचा आखर, म्हणजे गुरं गोळा व्हायची मोकळी जागा, माणसांनी भरून गेला होता. हिरव्या हरळीवर जळकी, पिवळी पावलं उमटली होती. टाचा पुढे, बोटं मागे. पावलं थेट सोमारी या विधवेच्या दारात गेली होती.

"चेटकीणच उलटी चालते!" गावचा मांत्रिक पोचूबाबा घुमत ओरडला. "पावलं निंगतीन म्हून मी पयलेच सांगतलं होतं का नाई? हूं फट्! काढा इले गावाबाहेर. देवी खूश झाली का याच पावलांत हिरवंगार गवत येईन!"

देवीला शेतकीचं ज्ञान बरंच होतं म्हणायचं!

गावाने सोमारीचे केस आधीच कापले होते, दोन दात पाडले होते. तिच्या मोहाच्या झाडांवर बाबाचा डोळा आहे, हे सर्वांना ठाऊक होतं. तरी मारायला सगळे पुढे. मला त्या माणसांची किळस आली.

१९५४ साल. विद्यापीठातर्फे मी मैदानी गवतावर संशोधन करत होतो आणि आमचे चाचणीचे वाफे गावाला लागूनच होते. हा पोचू गेल्या वर्षी तिथेच खत टाकायला होता.

"मुखरूभाऊ," मी पाटलाला विचारलं, "सगळी पावलं उजव्याच पायाची कशी? चेटकीण लंगडी घालत आली काय?"

"साहेब, तुमी गवताचे मानूस. तुमाले यातलं काय समजते?"

"अहो, गवतच तर जळलंय!"

मी तीन दिवस मागून घेतले. सर्वांदेखत हरळीवर अमोनियम सल्फेट या पांढऱ्या खताने जाड अक्षरांत 'पोचू' लिहिलं, वर पाणी शिंपडलं. ते तीन दिवस सोमारीला विहिरीवर कोणी फिरकू दिलं नाही. ती माझ्या वाफ्यांसाठी भरून ठेवलेलं पाणी प्यायली.

चौथ्या सकाळी पिवळाजर्द 'पोचू' वाचून पोरं खिदळली.

"खत जास्त पडलं की दवात विरघळून गवत जाळतं," मी म्हणालो. "पुढे ते मुरलं की तिथेच जास्त हिरवं गवत फुटतं. हीच तुमची खूश झालेली देवी!"

मी बाबाची झोळी उपडी केली. खताची पुरचुंडी पडली, पाऊल कापून काढलेला पत्रा पडला. डाव्या पायासाठी तो पालथा करायची अक्कलही गड्याला नव्हती. बाबा पळाला.

मुखरूने मान खाली घातली. "चुकलं, साहेब. सोमारी नाई, हे पटलं. मंग खरी चेटकीण कोन हाय?"

आणि जमाव शकुबाईच्या झोपडीकडे पाहू लागला. गावातली दुसरी विधवा.

"कोणीच नाही!" मी ओरडलो. "चेटकीण नसतेच, कधीच नव्हती! गवत कशानं जळलं, एवढंच विचारायचं होतं. हात उचलण्याआधी विचारा. नंतर विचारून काही उपयोग नसतो."