सगळं हिरवं

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर खालची गल्ली हिरवीगार झाली, तेव्हा आमचे सर टाळ्या वाजवायला उठले. मी मात्र माझा फोन शोधू लागले.

धरणाचे दरवाजे दुपारी उघडले होते. नदीकाठच्या प्रत्येक घराला आमच्या पूरनियंत्रण कक्षातून फोनवर इशारा गेला होता. त्यातला मजकूर माझा. आधीचा होता 'जलपातळीत संभाव्य वाढ' वगैरे, म्हणजे वाचणारा बुडाला तरी त्याला कळू नये असा. मी तो घरच्या बोलीत आणला: 'पाणी येतंय. सामान आवरत बसू नका. वर शाळेत जा.' खाली एकच बटण, 'समजलं'. दाबलं की घर हिरवं, नाही तर लाल. मदतीच्या गाड्या लाल घरांकडे जायच्या.

खालच्या गल्लीतलं एकूण एक घर हिरवं होतं. त्यात माझ्या सासूबाईंचंही होतं. आणि सासूबाईंकडे फोनच नाही.

मी नवऱ्याला फोन लावला. तो दूरच्या शहरात, कारखान्यात.

"इशारा आला का तुला?"

"आला की! लगेच दाबलं. झकास लिहिलंयस."

"आणि आईंना सांगितलंस?"

"मला वाटलं, तिला तिकडे कुणीतरी सांगितलंच असेल."

खालच्या गल्लीत म्हातारी माणसं राहतात आणि त्यांचे फोन परगावी मुलांच्या खिशात. नोंदणीच्या वेळी नंबर विचारला, तेव्हा प्रत्येक आईने कौतुकाने लेकाचा दिला. लेकही एकेक गुणी! सगळ्यांनी आपापल्या जागी बसून 'समजलं' दाबलं होतं. मी शब्द पाहिले, पण ते कुणाच्या हातात पडणार हे पाहिलंच नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"सर, त्या गल्लीत कुणालाच काही माहीत नाही. गाडी पाठवा."

"अहो, शंभर टक्के झालंय, मी वर कळवलंसुद्धा. गाड्या लालकडे गेल्या. आता पूलही बंद झाला."

गल्ली पुलापलीकडे होती. तासाभरात तिथे पाणी शिरणार होतं.

"आईंशी बोलायचं झालं तर तू कुणाला लावतोस?" मी नवऱ्यावर ओरडलेच. आम्हा सासू-सुनांचं बोलणं म्हणजे आधीच अवस-पुनवेला, तेही समोरासमोर.

"भाजीवाल्याला. तो दारात हातगाडी थांबवून तिला फोन देतो. माझ्याकडे तो नंबर 'आई' म्हणूनच आहे. गल्लीतल्या सगळ्या पोरांकडे तसाच असेल."

भाजीवाला फोन उचलेना. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा मागे त्याचा भोंगा ओरडत होता: कांदे, बटाटे, टोमॅटो.

"कोण, वहिनी? मी चढावर पोचलो. घरी निघालोय."

"मागे फिरा," म्हणत मी सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं, "तुम्हीसुद्धा अडकू शकता. खोटं बोलत नाही."

भोंगा बंद झाला.

"गिऱ्हाइकं आहेत माझी," तो म्हणाला, आणि गाडीची चाकं करकरत वळली.

"माझा मजकूर वाचून दाखवा त्यांना."

"तो राहू द्या. मागे दोनदा लांडगा आला रे आला झालंय. शिवाय पाणी म्हटलं की आधी गाद्या माळ्यावर चढवत बसतील."

थोड्या वेळाने भोंगा फाटक्या आवाजात ओरडला, "फुकट भाजी! शाळेपाशी वाटप! पिशव्या घ्या, चला! उशिरा येणाऱ्याला देठ!"

फुकट ते पौष्टिक. फोनमधून दारं आपटल्याचं ऐकू आलं, मग चपला, काठ्या, एकमेकींना मारलेल्या हाका. गुडघे धरलेल्या कुणा आजोबांना त्याने कांद्यांवर बसवलं आणि गाडी ढकलायला दोघींना लावलं.

"वहिनी, सगळे निघाले. तुमच्या सासूबाई राहिल्या. म्हणतात, फुकटचं मी घेत नाही."

घेणार नाहीतच त्या. मी ओळखून आहे त्यांना.

"त्यांना फोन द्या. लवकर."

"देतो, पण रस्त्यावर पाणी आलंय हो."

"आई, नदीचं पाणी चढतंय. शाळेत चला."

"मला कुणी सांगितलं नाही ते?"

"सांगितलं होतं. तुमच्या लेकाला. त्याने तुमच्या वतीने 'समजलं' म्हटलं."

"त्याला काय समजलं? घरात मी राहते!"

सासूबाई रागावल्या की बसून राहत नाहीत. कडी वाजली. पाण्यात पडणारी पावलं, भाजीवाल्याचं "धरा, माझा हात धरा", आणि लेकाचा मनसोक्त उद्धार. मग फोन तुटला.

मी लावत राहिले. लागत नव्हता. पडद्यावर सगळं तसंच हिरवं. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते, टाळ्या विसरून. मला भयंकर भीती वाटत होती.

अंधारून आलं तेव्हा फोन वाजला.

"सूनबाई, पोचलो. सगळे."

मी सगळ्या कक्षासमोर हुंदके देऊन रडले.

"रडू नकोस. आणि याच्या भाजीचे पैसे देऊन टाक, फुकट नको. आता मला सांग, तुझ्या त्या पडद्यावर माझं घर कसं दिसतंय?"

"हिरवं, आई."

"मला इथून दिसतंय ते," त्या म्हणाल्या. "खिडकीपर्यंत पाणी आहे."