चहानंतरचं तापमान

चूक कुणाची, असं विचारायची सोयच नाही. माझीच.

आमच्या प्रयोगशाळेत मी मायक्रोवेव्ह लहरींचा जिवंत पेशींवर काय परिणाम होतो ते पाहते. डिशमध्ये वाढवलेल्या पेशी सदतीस अंशांच्या पेटीत ठेवायच्या, अर्धा तास लहरी सोडायच्या आणि किती मेल्या ते मोजायचं. शेजारच्या पेटीत तशीच डिश, फक्त लहरी नाहीत. पेट्यांना पंखे आहेत, जादा उष्णता बाहेर काढायला. त्यांच्या थरथरीने पेशी तळापासून सुटतात असं मला वाटलं, म्हणून मी पंखे बंद केले. वहीत लिहिलं नाही. धातूचा तापमापक चालू पेटीत ठेवता येत नाही, तो नंतर लावायचा. नंतर म्हणजे, मी चहा पिऊन आल्यावर.

तीन आठवडे ओळीने लहरींच्या डिशमध्ये तिप्पट पेशी मेल्या. मला आकाश ठेंगणं झालं.

पुन्हा तपासल्याशिवाय कुठे बोलायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. पण मी कसली गप्प बसते! उचलली जीभ, लावली टाळ्याला. रविवारी ताईकडे जेवायला गेले आणि जेवता जेवता मोबाइलवर फोटो दाखवले. या जिवंत, या मेलेल्या. भाऊजी अठरा वर्षं मोबाइलच्या टॉवरवर चढून अशाच लहरी सोडणाऱ्या अँटेना दुरुस्त करत होते आणि मला कायम ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणून चिडवायचे. त्यांना एकदा गप्प करायचं होतं, एवढंच.

“मग माझं टक्कल या लहरींमुळेच का?” त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

“हसा. तुमच्या पेशी हसत नसतील.”

हे वाक्य मी घरूनच ठरवून गेले होते. ताईने हातातला घास खाली ठेवला. पुढे ‘नोकरी सोडा’ म्हणून ती भाऊजींपाशी रडली, भांडली, तिने अबोला धरला. दीड महिन्यात भाऊजींनी राजीनामा दिला. आता ते एका ऑफिसच्या फाटकावर वॉचमन आहेत.

परवा सरांनी चालू पेटीतही ठेवता येईल असा तापमापक मागवून आणला. आकडा वर चढत साडेएकेचाळीसवर थांबला. सरांनी बंद पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तापमान घेत होतीस ना?”

“घेत होते, सर.”

“कधी?”

“चहा पिऊन आल्यावर.” तोवर पेटी पुन्हा सदतिसावर आलेली असायची.

“पेशी उष्णतेने मेल्या,” सर म्हणाले. “लहरींचं आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही. छापायच्या आधी सापडलं, नशीब.” त्यांनी वहीतल्या तीन आठवड्यांच्या पानांवर तिरप्या रेघा मारल्या. विज्ञानाचं काहीच बिघडलं नव्हतं. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर गेले. भाऊजी गाडी आली की उठत होते, फाटक उघडत होते, सलाम ठोकत होते. मी सगळं सांगितलं, चहासकट.

“म्हणजे लहरींनी काही होत नाही?”

“ते माहीत नाही. मला माहीत नव्हतं, आणि मी बोलले. तुमची जागा...?”

“भरली. पोरगा चांगला आहे.”

“संध्याकाळी मी ताईला सांगते. फोडू दे माझं थोबाड.”

“अजिबात नाही,” ते एकदम म्हणाले. “मी वर असलो की ती फोन हातात घेऊन बसायची. आता शांत झोपते. शेजारणींना सांगते, मी ह्यांना वाचवलं. तिला काय सांगणार, उगाच उतरवलंस नवऱ्याला? जन्मभर स्वतःला खात बसेल. शपथ घे.”

“पण ते खोटं आहे, भाऊजी.”

“शपथ घे म्हणतो ना.”

हॉर्न वाजला. ते टोपी सावरत धावले. परत आले तेव्हा मी शपथ घेतली.

कोपऱ्यावर पोहोचले आणि लक्षात आलं, मला हलकं वाटतंय. ताईसमोर मान खाली घालायचं टळलं होतं. नोकरी त्यांची गेली, तोंड त्यांनी मिटायचं, आणि सुटले मी. चुकीची लाज मी सरांसमोर कशीबशी गिळली होती. या हलकं वाटण्याची लाज मात्र अजून गिळता येत नाही.