बाओजूच्या दारावरचा जोड

"खळ गार होत चाललीय, आई. पण अजून एकदा विचार करा," यालान दबक्या आवाजात म्हणाली. "मोठे काका आज स्वतःच्या हातचा जोड घेऊन येणार आहेत. तसा निरोपच आलाय."

"म्हणून तर आत्ता लावायचा," बाओजू म्हणाली आणि स्टुलावर चढली. "स्टूल धर. सासू पडली तर सण वाया जाईल तुझा."

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडत होता. कालव्यावर धुकं होतं. गल्लीतली दारं अजून मिटलेली होती. नवरा गेल्यापासून तीन वर्षं या दारावर लाल कागद लागला नव्हता. दुखवट्याच्या घराला तो चालत नाही. आज दुखवटा फिटला होता आणि दाराच्या दोन बाजूंना पुन्हा लाल कागदावरच्या वसंताच्या दोन ओळी, नव्या वर्षाचा जोड, लागायच्या होत्या.

त्या कुणी लिहायच्या, हे या घरात कधी ठरवावं लागलं नव्हतं. आधी सासरे लिहीत, मग नवरा वेनशान. आता तो मान थोरल्या दिराचा, तिंगशूचा. तो शाळेत अक्षर शिकवून निवृत्त झाला होता आणि अर्ध्या गल्लीच्या दारांवर त्याचंच अक्षर होतं. बाओजूचा जन्म कुंचल्यांच्या कारखान्यात गेला. शेळीचे केस पाण्यात भिजवायचे, हाडाच्या फणीनं विंचरायचे, टोकं जुळवायची, वाकडा केस वेचून काढायचा. हे काम बायकांचं. थंडीतही हात पाण्यातच. तिची बोटं सांध्यांत वाकली होती, ती आता सरळ होत नव्हती.

लग्नानंतर एकदा तिनं हौसेनं कुंचला उचलला होता. वेनशान हसला होता. "पाण्यातल्या हातांनी शाईत कशाला शिरायचं? तू कुंचले कर, मी लिहितो." माणूस वाईट नव्हता. तीही तेव्हा हसली होती. पण दार कोरं राहिलं त्या वर्षांत ती त्याची कित्त्याची जुनी पोथी पुढ्यात घेऊन बसू लागली. कोरलेल्या शिळेवर ओला कागद थोपटून उतरवलेलं अक्षर, काळ्यावर पांढरं. रद्दीवर ती गिरवत राहिली. रेघ उजवीकडे न्यायची तर टोक आधी डावीकडे टेकवायचं, लपवायचं, वळायचं, दाबायचं, मग उचलायचं. खांदा भरून येई. रद्दीचे गठ्ठे चुलीत जात.

उजवीकडची ओळ लागली. डावीकडची लागली. यालान मागे सरून बघू लागली.

"आई, त्या 'पाणी' अक्षराची शेवटची रेघ बारीक झालीय. जराशी शाई लावू?"

"हात लावशील तर बघ! कुंचला उचलला की त्या रेघेवर परत जायचं नाही. पडली तशी पडली."

आठ वाजता तिंगशू आला. बगलेत कागदाची गुंडाळी. पायरीपाशीच थबकला. बाओजूचा मुलगा हाईपिंग दारात होता, तो काकाला बघून सणाचा मासा बघायला म्हणून आत सटकला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं, भावोजी."

"कुणाला विचारून?"

"दार माझं. कुणाला विचारायचं?"

"हौस होती तर डुकरांच्या गोठ्याला लावायचंस! पुढच्या दाराला घराण्याचं अक्षर लागतं."

"मग मी कुठल्या घराण्यातली? चाळीस वर्षं इथंच भात शिजवते ना?"

तो मोठ्यानं वाचू लागला. "'गार पाण्यात सरली वर्षं, उंबऱ्याशी आला वसंत.' गार! सणाच्या दारावर गार? लोक काय म्हणतील?"

"पाणी गारच होतं, भावोजी."

"काढ ते," म्हणत तिंगशूनं स्वतःच कागदाच्या कोपऱ्याला हात घातला.

समोर कालव्याच्या पायरीवर आमेई भाजी धूत होती. कारखान्यात ती बाओजूच्या शेजारच्या घंगाळावर बसायची. तिनं तिथूनच हाक घातली. "अहो गुरुजी, लावलेला जोड फाडताय? शाळेत पोरांना हेच शिकवलंत?"

तिंगशूचा हात थांबला. एकदा लागलेला जोड वारा-पावसानंच उतरवायचा, माणसानं नाही. फाडला तर वर्षभर घराला ग्रहण. हे त्याला ठाऊक होतं आणि बाओजूलाही ठाऊक होतं, म्हणूनच ती पहाटे उठली होती.

"मग वरून माझा चिकटवतो."

"चिकटवा. येणारा-जाणारा विचारेल, गुरुजींनी खाली काय झाकलं?"

आमेई खिदळली. तिंगशूनं चष्मा लावला आणि नाक कागदाला टेकेल इतका जवळ गेला. रेघेमागून रेघ तपासली. कुठे दुसरी शाई दिसते का, हेच तो शोधत होता. तेवढं सापडलं असतं तरी त्याला पुरे होतं.

"'पाणी'ला हाड नाही," शेवटी तो म्हणाला. "मध्येच दम सोडलास."

"सोडला. खांदा दुखतो."

"ओळ डावीकडे कलंडलीय."

"हो."

"गिरवलेलं मात्र कुठे नाही."

"नाही."

त्यानं चष्मा काढला. मग गुंडाळीकडे बघून म्हणाला, "आणि याचं मी काय करू?"

"मागचं दार रिकामं आहे," बाओजू म्हणाली.

यालाननं डोळे मिटून घेतले. तिंगशूचे कान लाल झाले. गुंडाळी बगलेत मारून तो पायऱ्या उतरला.

"भावोजी, जेवायला या. मासा मोठा आहे," तिनं मागून म्हटलं. ते तिनं मनापासून म्हटलं होतं. तो वळला नाही.

दुसऱ्या दिवशी, वर्षाच्या पहिल्या सकाळी, बारीक पाऊस लागला. लोक छत्र्या घेऊन शुभेच्छा द्यायला निघाले. दारापाशी थांबून वाचत. कुणी "वा" म्हणे, कुणी तोंड दाबून हसे.

"वाचून झालं ना? मग आत या, चहा निवतोय," बाओजू आतून ओरडे.

तिंगशूच्या घरून कुणी आलं नाही. हाईपिंग दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. बाओजूनं टेबलावर दिरासाठी एक पेला उपडाच ठेवला होता. दुपारी तिनं तो उचलून फळीवर ठेवला.

"आई, कागदाचा रंग उतरतोय," यालान फडकं घेऊन धावली. "सगळी भिंत खराब होतेय!"

बाओजू उंबऱ्यात आली. लाल रंगाचे ओघळ चुन्याच्या भिंतीवरून खाली पायरीपर्यंत गेले होते.

"राहू दे," ती म्हणाली.

कागद फिका गुलाबी पडला होता. वरची शाई तेवढी जागची हलली नव्हती.