तिसऱ्या बाकावरची मधली जागा

मी चर्चमधला बाक बोलतोय. दारातून आत आलात की डाव्या हाताचा तिसरा. तुम्ही माझ्यावर बसला नसाल, पण माझ्या एखाद्या भावंडावर नक्की बसला असाल, आणि प्रवचन लांबलं की चुळबूळही केली असेल. आम्हाला सगळं कळतं, आम्ही बोलत नाही एवढंच.

मला घडवलं एका सुताराने. एका गोदामाचा दरवाजा मोडीत निघाला होता, त्याच्या फळ्यांना रंधा मारून त्याने मला उभं केलं आणि आपल्या दोन लेकींना माझ्यावर नाचायला लावलं. मी पक्का निघालो. तेव्हापासून मी त्या दोघींचा.

सुतार गेला, मुली संसाराला लागल्या. थोरली शाळेचे गणवेश शिवायची, धाकटी दवाखान्यात जखमांना पट्ट्या बांधायची. रविवारी मात्र दोघी खांद्याला खांदा लावून माझ्यावर बसत आणि एकाच पुस्तकातून गात. धाकटी सुरात, थोरली जोरात.

मग त्यांची आई अंथरुणाला खिळली. त्याच सुमारास धाकटीला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला उठायचीसुद्धा बंदी केली होती. आईने थोरलीकडून वचन घेतलं, की धाकटीला यातलं काही कळवायचं नाही. थोरलीने वचन पाळलं. धाकटी आली ती थेट आईच्या मातीला. माझ्याजवळ उभी राहून ती थोरलीला एवढंच म्हणाली, "आई काय तुझ्या एकटीची होती?" त्यानंतर अकरा वर्षं दोघींमध्ये शब्द नाही.

पण बापाच्या हातचा बाक सोडणार कोण? थोरली माझ्या या टोकाला बसे, धाकटी त्या टोकाला. मधे तिघांची जागा मोकळी. मंडळीतलं कुणी तिथे बसायला धजत नसे. प्रवचन देणाऱ्या पाळकबाईंनी दोनदा समेट करून पाहिला. दोघींनी त्यांचा चहा घेतला आणि एक पुढच्या दाराने गेली, एक मागच्या.

अशात एका दूरच्या देशातल्या चर्चची माणसं आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांना भेटत भेटत आमच्या चर्चमध्ये आली. चांगली नऊ जणं. त्यांच्यासाठी पुढे खुर्च्या मांडल्या होत्या, पण ते पाहुणे म्हणाले, आम्ही सगळ्यांत मिसळून बसतो. त्यांच्यातल्या एक जाडजूड, पांढऱ्या केसांच्या आजी, जन्मभर पाव भाजत आलेल्या, सरळ येऊन माझ्या मधोमध बसल्या. सगळ्या चर्चने श्वास रोखला. आजींना त्याचं काय! त्या इकडे बघून हसल्या, तिकडे बघून हसल्या आणि स्वस्थ झाल्या.

उपासनेनंतर पाहुणे शेजारच्या माणसाला विचारत होते, की कुणासाठी प्रार्थना करू, आणि वहीत लिहून घेत होते. दुभाषी होते शाळेचे मास्तर. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा आवाज खणखणीत, आणि त्यांच्याशीही मोठ्यानेच बोलावं लागे. आजींनी आधी थोरलीला विचारलं.

थोरलीने मांडीवरचं गीतांचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीसाठी करा. तिचा उजवा गुडघा गेलाय. उठताना पुढच्या बाकाला धरते आणि ओठ चावते. दोन वर्षं झाली. कुणाला सांगत नसेल ती."

मास्तरांनी भाषांतर सुरू केलं ते मोठ्याने, संपवलं ते पुटपुटत. आजींनी आपुलकीने विचारलं, की बहीण राहते कुठे. मास्तरांनी तो प्रश्न थोरलीला हळूच सांगितला. थोरलीने आजींच्या मांडीवरून हात लांब करून माझ्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

आजींनी तिकडे पाहिलं, इकडे पाहिलं आणि वही मिटली. मास्तरांच्या दंडाला धरून त्या मुकाट्याने उठल्या आणि त्यांना घेऊन अंगणात गेल्या.

माझी मधली जागा पुन्हा रिकामी झाली. मला वाटलं, संपलं.

"दोन नाही," धाकटी समोर बघतच म्हणाली, "तीन वर्षं झाली."

"मला दोन वर्षांपूर्वी दिसलं."

मग धाकटीने विचारलं, "शेवटी आई माझं काही बोलली?"

"रोज विचारायची, बाळ हलतंय का म्हणून. मी तुझ्या शेजारणीला विचारून यायचे आणि तिला सांगायचे."

धाकटी माझ्यावर हात टेकत टेकत सरकू लागली. थोरलीही सरकली. दोघी मधोमध भेटल्या आणि माझ्यावर डोकं टेकून इतक्या रडल्या, की बाहेर चहा ओतणाऱ्या पाळकबाईंनी हातातली किटली तशीच खाली ठेवली.

पाहुणे गेले. महिन्याभराने आजींचं पत्र आलं: गुडघा कसा आहे? उत्तर दोघींनी माझ्यावर बसूनच लिहिलं. धाकटी सांगत होती "बरा आहे," आणि थोरली लिहीत होती "बरा नाही."

आता चर्चसाठी नव्या खुर्च्या घ्यायचं चाललंय. एकेकट्या, हात असलेल्या. चांगल्याच असतील. मला अडगळीत ठेवा, फळ्या काढून कशालाही वापरा, माझी तक्रार नाही. पण बाबांनो, ह्या दोघी आहेत तोवर थांबा. खुर्चीचा हात मधे आला, तर थोरली धाकटीला उठवणार कशी?